माघारीच्या ठरावाला विरोध, पण कब्जेदाराची वकिली न करता

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली आहे. विषय आहे, ‘या सभागृहाचे मत आहे की व्याप्त देशातून परकीय सैन्याने तात्काळ व बिनशर्त माघार घ्यावी.’ चिठ्ठीत तिला विरोधी बाजू आली. ती लिहिते, ‘सर, एवढी वर्षं परक्या फौजेखाली राहिलेल्या देशातली मुलगी उभी राहून सैन्य राहू द्या असं कसं म्हणेल? परीक्षकांचं सोडा, मलाच पटत नाही.’ शिवाय अफगाणिस्तानचं उदाहरण घ्यावं की इराकचं, हेही तिला हवंय.

पटत नाही हे बरंच आहे, कारण तसं बोलायचंच नाहीये. ठराव पुन्हा एकदा वाच. सैन्याने जावं की राहावं एवढाच वाद असता तर तुझी बाजू खरोखर लंगडी होती. पण ठराव मांडणाऱ्याने ‘तात्काळ’ आणि ‘बिनशर्त’ ही दोन ओझी स्वतःहून डोक्यावर घेतली आहेत. ती त्याला शेवटच्या घंटेपर्यंत वाहायला लाव. तुझी भूमिका एवढीच ठेव: सत्ता आजच्या आज परत करा, सैन्य मात्र त्या देशाच्या सरकारने ठरवलेल्या तारखेला आणि त्याने ठरवलेल्या क्रमाने बाहेर काढा. सत्ता आणि सैन्य या दोन गोष्टी वेगळ्या केल्यास की कब्जा योग्य होता असं एकदाही न म्हणता तुला पूर्ण वेळ बोलता येतं.

मी राज्यशास्त्र शिकवायचो, आता विदर्भातल्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. हा विषय नाव बदलून येतच राहतो, कधी इराक, कधी अफगाणिस्तान, कधी श्रीलंकेतली आपली शांतिसेना. विरोधी बाजूची मुलं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आपटतात. पहिली दोन मिनिटं ती कब्जेदाराने बांधलेले रस्ते, काढलेल्या शाळा आणि बायकांना मिळालेले हक्क मोजत बसतात. मग समोरचा उठतो आणि म्हणतो, ‘रेल्वे तर इंग्रजांनीही बांधली होती.’ टाळ्या पडतात आणि वाद तिथेच संपतो. पुढची सगळी आकडेवारी वाऱ्यावर जाते. तेव्हा रस्ते-शाळा विसर. सैन्य आत आलं ते चूक होतं, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वतःच कबूल कर. समोरच्याच्या भाषणातला चांगला निम्मा भाग तिथेच गळून पडतो, कारण त्याने तो तुला खोडण्यासाठीच लिहिलेला असतो.

आता आधार. तो न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात शोधू नकोस, वर्ध्याला आहे. 1942 च्या मे महिन्यात गांधीजी ‘हरिजन’मधून इंग्रजांना सांगत होते की भारत देवाच्या हवाली करा, तेही जड जात असेल तर अराजकाच्या हवाली करा, पण जा. ठरावाच्या बाजूचा वक्ता हे आणणारच, आणि आणावंच, त्याच्या बाजूने इतकं दमदार दुसरं काही नाही. पण गोष्ट मे महिन्यात थांबली नाही. जपानी फौजा तोवर ब्रह्मदेश घेऊन बसल्या होत्या. जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिले आणि त्यांनी नेमकं हेच विचारलं, इंग्रज गेले, फौजा गेल्या आणि जपानी आले तर काय? दोस्त राष्ट्रांच्या फौजा भारतात राहू शकतील, हे गांधीजींनी मान्य केलं. फौजा एकाएकी काढून घेतल्या तर जपान भारत बळकावेल आणि चीनही पडेल, असं त्यांनी त्याच महिन्यात ‘हरिजन’मध्ये उघड लिहिलं.

मग 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात ठराव केला. त्यात इंग्रजी सत्ता ताबडतोब संपावी अशी मागणी आहे. जपानी आक्रमण रोखायला आणि चीनला मदत म्हणून दोस्तांच्या फौजा भारतात ठेवायला काँग्रेस राजी आहे, हेही त्याच ठरावात आहे. 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर जे मंजूर झालं त्याचा पाया हाच. आपल्या मुलांना ‘चले जाव’ ही घोषणा तेवढी पाठ असते. घोषणेमागच्या ठरावात सत्ता आणि फौज यांचा हिशेब वेगवेगळा मांडलाय हे व्यासपीठावरून सांगितलंस, तर ‘गुलामीत राहिलेल्या देशातली मुलगी’ हा प्रश्न उरतच नाही. ही तुझी उपरी बाजू नव्हे, घरचीच आहे.

यावर हुशार प्रतिस्पर्धी काय म्हणेल तेही लिहितो, कारण अंतिम फेरीत हुशारच भेटणार. तो म्हणेल, ‘स्वतंत्र सरकारच्या संमतीने थांबलेलं सैन्य हे व्यापणारं सैन्य नसतंच. बाईंनी माझीच बाजू मांडली, आभार.’ इथे गडबडू नकोस. शांतपणे त्याला विचार, संमती देणारं सरकार काही अटी घालील की नाही? सुरुंग काढून द्या, शस्त्रं कोणाच्या ताब्यात देताय ते लिहून द्या, कैद्यांची यादी द्या, विमानतळ चालू स्थितीत सोपवा. ‘बिनशर्त’ म्हटलं की हे सगळं गेलं. युद्धाविषयीच्या 1907 च्या हेग नियमांतलं 43 वं कलम व्यापणाऱ्या सैन्यावर सार्वजनिक व्यवस्था राखण्याची जबाबदारी टाकतं. मोडतोड करून, किल्ल्या फेकून एका रात्रीत निघून जायची मुभा देणारा ठराव कब्जेदाराला शिक्षा करत नाही, त्याला सूट देतो. हा मुद्दा खंडनासाठी राखून ठेव, मूळ भाषणात खर्च करू नकोस.

1947 चा हिशेबही जवळ असू दे. सत्ता 15 ऑगस्टला आली. शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, गेटवे ऑफ इंडियातून निघाली 28 फेब्रुवारी 1948 ला. सहा महिन्यांहून जास्त काळ स्वतंत्र भारतात गोरे सैनिक होते आणि त्याने आपलं स्वातंत्र्य उणं झालं असं कोणी म्हणालं नाही. मात्र हे उदाहरण दुधारी आहे. याच महिन्यांत पंजाब पेटला होता, आणि दंगलींमध्ये ब्रिटिश पलटणी वापरायच्या नाहीत, अपवाद फक्त युरोपियनांचा जीव वाचवण्यापुरता, असं धोरण होतं. समोरचा म्हणेल, परकी फौज असून काय उपयोग झाला? त्याचं बरोबर आहे. म्हणून ‘सैन्य राहिलं तर लोक सुरक्षित राहतात’ असं विधान चुकूनही करू नकोस. ते खरं नाही आणि तुझ्या बाजूला त्याची गरजही नाही.

कायद्याचं थोडंसं. एखादा परीक्षक विधी महाविद्यालयातला निघतोच. हेग नियमांच्या 42 व्या कलमाप्रमाणे शत्रूच्या सैन्याचा प्रत्यक्ष अंमल बसला की तो प्रदेश व्याप्त. एखाद्या देशात परकी सैन्य आहे म्हणजे तो व्याप्तच आहे असं नाही. इराकमध्ये हा फरक कागदावर लख्ख दिसतो. मे 2003 च्या 1483 क्रमांकाच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने अमेरिका आणि ब्रिटनला व्यापणाऱ्या सत्ता म्हणून नोंदवलं. जून 2004 च्या 1546 क्रमांकाच्या ठरावाने तो कब्जा जूनअखेर संपेल असं ठरवलं, पण लाखाच्या वर अमेरिकन सैनिक तिथेच राहिले, आता म्हणे इराकी सरकारच्या विनंतीवरून. हे उदाहरण ‘सत्ता आधी’ या तुझ्या मांडणीला सोयीचं वाटेल. जपून वापर. ते अंतरिम सरकार निवडून आलेलं नव्हतं. पॅलेस्टिनी प्रदेशांचा विषय निघाला तर एवढं लक्षात असू दे: आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लागार मतात इस्रायलची तिथली उपस्थिती बेकायदा ठरवली आणि ती शक्य तितक्या लवकर संपवावी असं म्हटलं. पुढे सप्टेंबरमध्ये महासभेने त्यासाठी बारा महिन्यांची मुदत घातली. म्हणजे बेकायदा ठरवल्यावरही मुदत दिली गेली. त्यापलीकडे त्या वादात शिरू नकोस, पाच मिनिटांत तो आवरत नाही.

संमती हा शब्द तू वारंवार वापरणार, म्हणून तो कुठे फसवतो ते आधीच बघून ठेव. सीताबर्डीवर खरेदीला जाताना वर टेकडीवर किल्ला दिसतो ना? 1816 च्या मे महिन्यात आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फौज घुसली नव्हती, तहाने आली होती, आणि तिचा खर्च नागपूरच्या खजिन्यावर होता. आप्पासाहेबांना दरबारातल्या विरोधकांसमोर आधार हवा होता, तो मिळाला. दीड वर्षात, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला, त्याच टेकड्यांवर त्यांच्या माणसांना कंपनीच्या फौजेशी लढावं लागलं. हरले. 1854 पर्यंत राज्यच खालसा झालं. काबूलमध्येही असंच. आम्ही अफगाण सरकारच्याच विनंतीवरून आलो, असं सोव्हिएत युनियन सांगत राहिलं. आणि 27 डिसेंबर 1979 ला त्यांच्याच पथकांनी राष्ट्राध्यक्ष हफीझुल्ला अमीन यांना राजवाड्यात ठार करून बब्रक कारमल यांना आणून बसवलं.

तेव्हा नुसतं ‘तिथल्या सरकारची संमती’ म्हणालीस तर आप्पासाहेबांचा तह तुझ्याच तोंडावर येईल, निदान नागपुरात तरी. कोणाची संमती ते नीट बांधून सांग: निवडून आलेली संसद, किंवा सार्वमत, किंवा ज्याच्यामागे लोक उभे आहेत हे जगाला दिसतंय असा नेता. तिसऱ्या प्रकारचं उदाहरण आपल्याच शेजारचं, बांगलादेशचं आहे. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. शेख मुजीब 10 जानेवारीला परतले, त्यांनी इंदिरा गांधींकडे भारतीय सैन्य कधी निघणार हा विषय काढला, आणि 12 मार्च 1972 ला ढाक्यात आपल्या सैन्याची निरोपाची परेड झाली. शरणागतीपासून तीन महिन्यांच्या आत. विचारायला मुजीब होते म्हणून ते एवढ्या लवकर जमलं. 17 डिसेंबरलाच सगळं सैन्य माघारी वळवलं असतं तर सुमारे 93 हजार युद्धकैद्यांचं, आणि सूडाला उतरलेल्या गर्दीचं काय झालं असतं, हा प्रश्न तू समोरच्याला विचारू शकतेस. ‘तात्काळ’ला याहून चांगला टोला मला सुचत नाही.

आता अफगाणिस्तान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका देशातून दोन माघारी झाल्या, आणि मुलं त्यातली एकच सांगतात.

पहिली माघार सोव्हिएत सैन्याची. 14 एप्रिल 1988 ला जिनिव्हा करार झाले, 15 मे पासून सैन्य निघू लागलं, निम्मं पहिल्या तीन महिन्यांत आणि उरलेलं 15 फेब्रुवारी 1989 पर्यंत. त्या दिवशी जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरच्या पुलावरून चालत पलीकडे गेले, तो फोटो तू पाहिला असशील. मागे राहिलेलं, मॉस्कोच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्ला यांचं सरकार काही आठवड्यांचं सोबती आहे असा बहुतेकांचा अंदाज होता. मार्च 1989 मध्ये मुजाहिदीन जलालाबादवर चालून गेले आणि त्यांना ते घेता आलं नाही. सरकार आणखी तीन वर्षं टिकलं. कशाच्या जोरावर? सैनिक गेले तरी मॉस्कोहून शस्त्रं, इंधन आणि धान्य येत राहिलं, आणि त्यातून नजीबुल्ला आपल्या फौजेला आणि टोळ्यांच्या सरदारांना बांधून ठेवू शकले. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं, 1992 च्या सुरुवातीपासून मदत बंद झाली, उत्तरेतला त्यांचाच सेनानी दोस्तम उलटला आणि एप्रिलमध्ये काबूल गेलं. सैन्य निघाल्यामुळे सरकार पडलं असं इथे म्हणताच येत नाही.

दुसरी माघार अमेरिकेची. 29 फेब्रुवारी 2020 चा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यातला. ज्या सरकारला मागे राहायचं होतं ते त्या करारात पक्षकारच नव्हतं, तरी तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी त्याने सोडायचे असं त्यात परस्पर ठरलं. आणि सैनिकांबरोबर कंत्राटदारही निघायचे होते. हे कलम बारकाईने बघ. अफगाण हवाई दलाकडे रशियन बनावटीची एमआय-17 हेलिकॉप्टरं होती, ती त्यांचे तंत्रज्ञ बरीचशी स्वतः सांभाळत. त्यांच्या जागी अमेरिकेने ब्लॅक हॉक दिली, आणि त्यांची देखभाल जवळजवळ पूर्ण परक्या कंत्राटदारांच्या हातात होती. नागपूरच्या श्रोत्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. सुटे भाग आणि हात काळे करणारी माणसं नसतील तर विमान म्हणजे हँगरमधलं लोखंड. कंत्राटदार गेले तर ही विमानं काही महिन्यांपलीकडे उडणार नाहीत, असा इशारा अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी आधी देऊन ठेवला होता. जुलै 2021 च्या सुरुवातीला बगराम तळ रातोरात रिकामा झाला. तळाच्या नवीन अफगाण सेनापतीला अमेरिकन निघून गेल्याचं काही तासांनी कळलं, असं अफगाण अधिकाऱ्यांनी सांगितलं. 15 ऑगस्टला काबूल पडलं. शेवटचा अमेरिकन सैनिक 30 ऑगस्टला निघाला, म्हणजे सरकार त्याच्या आधी पडलं.

या दोन माघारी शेजारी शेजारी ठेव. देश तोच. एकदा सैन्य गेलं पण रसद चालू राहिली, दुसऱ्यांदा सैन्याबरोबर रसद आणि कारागीरही उचलले. ठराव मांडणारा ‘माघारीनंतर काय?’ याचं उत्तर ‘ते त्यांचं ते बघतील’ असं देईल. मग विचार, हेलिकॉप्टरचा सुटा भाग कोण बघेल? पहिल्या महिन्याचा पगार कोण वाटेल? अशा रोकड्या प्रश्नांना भावनिक उत्तर देता येत नाही, आणि परीक्षकाच्या कागदावर तिथे खूण होते. मी तरी करतो.

मात्र 2021 मधून ‘अमेरिकेने आणखी थांबायला हवं होतं’ असा निष्कर्ष काढू नकोस. वीस वर्षं थांबून हे झालं, एकविसाव्या वर्षी काय वेगळं होणार होतं, असं तो विचारेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. माझ्याकडेही नाही. तुझं भांडण मुक्कामाच्या लांबीशी नाहीच.

इराक थोडक्यात. तिथली माघार तात्काळ नव्हती, ठरवून झाली. नोव्हेंबर 2008 मध्ये करार, इराकी संसदेची मंजुरी, जून 2009 पर्यंत शहरांतून बाहेर आणि डिसेंबर 2011 अखेर देशातून बाहेर. काही सैन्य पुढे ठेवायची बोलणी अमेरिकन सैनिकांना इराकी कायद्यातून सूट द्यायची की नाही यावर फिसकटली. शेवटचा ताफा 18 डिसेंबर 2011 ला कुवेतमध्ये गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट निघालं. जून 2014 मध्ये मोसूल आयसिसच्या हाती गेलं. नंतर पंतप्रधान अबादी यांनीच सांगितलं की लष्कराच्या पगारपत्रकावर पन्नास हजार भुताटकीचे शिपाई होते, नाव आहे पण माणूस नाही. म्हणजे तारीख पाळूनही घात झाला. हे उदाहरण तुझ्या मांडणीला अर्धंच साथ देतं, आणि चलाख प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलं तर तुझं वेळापत्रकच फाडून टाकेल. तू स्वतःहून काढू नकोस. त्याने काढलं तर भुताटकीच्या शिपायांकडे बोट दाखव, वेळापत्रकाचं समर्थन करत बसू नकोस.

श्रीलंकेचं मात्र तयार ठेव, कारण परीक्षकांत एखादे निवृत्त लष्करी अधिकारी असतात, कामठीची लष्करी छावणी जवळ आहे. तिथे आपण व्यापायला गेलो नव्हतो. 29 जुलै 1987 च्या करारान्वये गेलो, ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढू लागलो, ऐन भरात आपले सत्तर हजारांवर सैनिक तिथे होते आणि सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. जून 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघा असं जाहीर सांगितलं. ते निवडून आलेले होते, त्यामुळे ‘यजमानाने सांगितलं की निघायचं’ हा नियम इथे लागू होतो आणि तो तू मान्यच करायला हवास. भारताने मुदत लांबवून घेतली, शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून निघाली. आपल्या आधारावर उभे असलेले ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल त्याच महिन्यात भारतात आले. जूनमध्ये श्रीलंकेचं सैन्य आणि वाघ यांची लढाई पुन्हा पेटली, आणि त्याच महिन्यात पेरुमल यांच्या पक्षाचे पद्मनाभ मद्रासमध्ये मारले गेले. परकी फौज निघते तेव्हा तिच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या स्थानिकांचं काय होतं, हे इथे स्वच्छ दिसतं. व्हिएतनामला जायची गरजच नाही. पण बोलताना जवानांबद्दल आदर ठेवून बोल. मागे एका मुलाने ‘फसलेली मोहीम’ म्हणून हात झटकले आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून गेले.

आता समोरच्याचा सगळ्यात जड मुद्दा. ब्रिटन 1882 मध्ये इजिप्तमध्ये शिरलं तेव्हा हे तात्पुरतं आहे असं सांगत होतं. सुएझच्या तळावरून शेवटची ब्रिटिश तुकडी निघाली जून 1956 मध्ये. 74 वर्षं. परिस्थिती सुधारली की जातो, असं प्रत्येक कब्जेदार म्हणतो, आणि परिस्थिती सुधारली की नाही ते तोच ठरवतो. म्हणून तात्काळ, म्हणून बिनशर्त. या युक्तिवादाला मी मनातून मान देतो. त्यावर ‘पण’ लावून पळ काढू नकोस. अट कब्जेदाराने घालायची नाही, हे स्पष्ट मान्य कर, आणि मग लेखी तारखेची उदाहरणं दे. याच इजिप्तमध्ये ऑक्टोबर 1954 च्या करारात वीस महिन्यांची मुदत लिहिली गेली आणि ती पाळली गेली. ऑस्ट्रियात चार देशांच्या फौजा होत्या, 15 मे 1955 ला तह झाला आणि ऑक्टोबरअखेर एकही उरली नाही. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचं सैन्य संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निघालं, 21 मार्च 1990 ला देश स्वतंत्र झाला, आणि त्या देखरेख दलाचे सेनापती होते आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. तारीख कागदावर, आणि ती पाळली जाते की नाही ते बघायला तिसरा कोणीतरी. बिनमुदतीचा मुक्काम आणि रातोरात पळ यांच्या मधली जागा हीच आहे, आणि तुला सगळा वेळ त्याच जागेवर पाय रोवून उभं राहायचंय.

आणखी एक हमखास येणारी गोष्ट: ‘घरात घुसलेल्या चोराला निघायला मुदत देता का?’ प्रत्येक स्पर्धेत येते, टाळ्याही घेते. उत्तर चिडून देऊ नकोस. चोराने घरातल्या गॅसची नळी कापून ठेवली असेल तर दाराबाहेर ढकलण्याआधी ती कुठे कापली ते विचारून घेतो की नाही, एवढं म्हण आणि पुढे चल. उपमेवर उपमा रचत बसलीस तर परीक्षक घड्याळाकडे बघतात.

वेळेचं गणित असं ठेव. पहिलं अर्धं मिनिट कब्जा चूक होता हे मान्य करायला. पुढचं दीड मिनिट वर्धा. मग ढाका, झटपट. मग दोन काबूल, सगळ्यात जास्त वेळ यांना. वॉर्निंगची घंटा झाली की ऑस्ट्रिया आणि नामिबिया दोन वाक्यांत. श्रीलंका आणि कलम 43 खंडनासाठी. ‘सन्माननीय परीक्षक, माझे विद्वान प्रतिस्पर्धी’ यात पंधरा सेकंद घालवू नकोस.

इराक की अफगाणिस्तान, याचं उत्तर आलंच: अफगाणिस्तान, पण दोन्ही माघारी मिळून. 1989 ची सांगायला वेळ उरणार नसेल तर 2021 चीही सांगू नकोस. नुसतं 2021 घेतलंस तर ते उदाहरण तुझ्यापेक्षा समोरच्याच्या जास्त कामाचं आहे. नावांचे उच्चार एकदा मोठ्याने म्हणून बघ, विशेषतः ग्रोमोव्ह आणि नजीबुल्ला. आणि 14 जुलैच्या ठरावाचा मूळ मजकूर छापून सोबत ने. समोरच्याने ‘असं काही नव्हतंच’ म्हटलं तर कागद टेबलावर ठेवता आला पाहिजे.